वाऱ्याची चौकशी

रात्री साडेदहा. गच्चीवर उभा आहे
बोट तोंडात घालून ओलं केलेलं, वर धरून.
जिन्यातून शालन विचारते, कुणाला हाक मारताय?

मोबाइलात मालवणचा समुद्र उघडा.
हिरव्यावर बारीक बाण, सगळे एकीकडे तोंड करून,
मेंढरं निघावीत तसे.
पहाटे सहाला सहा नॉट. दहाला आठ.
दुपारी दोनला चौदा, तिथं हिरवा पिवळा व्हायला लागतो.
नॉट म्हणजे गाठ, हे मला परवा कळलं.
उद्यमनगरात वारा कुणी मोजत नाही,
पंखा कितीवर आहे एवढंच विचारतात.

इथला वारा तसा पाठ आहे मला.
गुऱ्हाळाचा गोड धूर आला की नदीकडचा.
फाउंड्रीच्या जळक्या वाळूचा वास आला की शिरोलीचा.
समुद्राकडून येणारा
गगनबावड्याचा घाट चढता चढता
मीठ खालीच टाकून येतो,
त्याची चव घेऊन काही कळत नाही.

सव्वीस वर्षं लेथवर.
पाणी म्हणजे माझ्या लेखी कूलंट,
दुधासारखं पांढरं, मनगटापर्यंत.
बस्त्यावच्या होडीचा शाफ्ट मी केला,
गोणपाटात शिवून एसटीनं पाठवला,
आणि तो म्हणाला, पयल्या फेरयेक तुमी व्हये.
हसलो होतो तेव्हा. गाडी ठरली आहे,
पिराजी पहाटे तीनला हॉर्न वाजवणार आहे.
शालननं भाकरी बांधल्यात, खर्डा बांधलाय,
उलटीच्या गोळ्या बांधल्यात.

पाचव्यांदा फोन लावतो.
वारा कसा आहे?
अवो, तासाभरापूर्वी होतो तसोच.
ढग?
नाय.
लाटा?
आसत. दर्यो आसा तो.
मग समजावून सांगतो, पोराला सांगावं तसं:
सकाळच्यान मतलई सुटता, जमनीवरसून,
होडयेक हळूच भायर काडता.
खारो उठता दुपारनंतर, त्याच्या आदी आपण घराक.
तुमका कसलो घोर?

मतलई. शाळेत पाठ केला होता हा शब्द,
दोन मार्कांना.
जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा.
म्हणजे उद्या जो ढकलणार आहे
तो माझ्याच बाजूनं येणार.

गच्चीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत पडलाय,
तो हलत नाही.
बाण हिरवे. बोट कोरडं झालेलं.
आता विचारायला काही उरलं नाही
म्हणून मी सांगतो.

बस्त्याव, मागच्या बेअरिंगची बैठक आहे ना,
तिथं दोन शतांश जास्त गेलं माझ्याकडून.
शनिवार होता. लाइट जायची वेळ झाली होती.
मायक्रोमीटर दोनदा लावला,
दोन्हीदा तेच दाखवलं,
तिसऱ्यांदा लावला नाही.
केसाएवढंही नाही रे. केसाच्या निम्म्यानंही नाही.
चालतं एवढं. ट्रॅक्टरला चालतं.

फोनमध्ये कुणी बोलत नाही.
फक्त एक लांबलचक फरफर,
आणि मला कळतं, हा वारा आहे,
तिथला, खरा,
मघापासून मी ज्याचे आकडे बघतोय तो.
मागं एक दोर कशावर तरी आपटतोय,
थांबून थांबून.

मग तो खाकरतो.
हां, म्हणतो. बरा झाला सांगितलात.
नवीन शाफ्ट कधी?
आठ दिवस.
आणि उद्या?
उद्याचं मी काय सांगू, उद्याचं तू सांग.

जरा वेळ दोर आपटत राहतो.
मगे तर तुमी येवकच व्हया, तो म्हणतो.
काठाकाठान जावया, फाटक्यार बसा तुमी, शाफ्टावर.
वाऱ्याचा मी बगतंय.
आवाज बदललो तर
तो तुमकाच कळतलो.

खाली येतो. शालन विचारते, काय म्हणतोय वारा?
पिशवीत भाकरीच्या खाली
मी मायक्रोमीटर ठेवतो, फडक्यात गुंडाळून.
समुद्रात त्याचा काही उपयोग नाही.